रिफ्रॅक्शनमध्ये न दिसलेला सहा मीटरचा थर: एका पंपहाऊस साइटचं प्रकरण

ओढ्याच्या काठावर पंपहाऊस, त्याला लागून १२ मीटर खोल जॅकवेल (जिच्यातून पंप पाणी उचलतात ती विहीर), आणि बांधकामाला पाणी लागणार म्हणून तिथंच कुठंतरी एक बोअर, एवढंच काम होतं. पण सिस्मिक रिफ्रॅक्शन सर्व्हेकडून, म्हणजे घणानं उठवलेली लाट खालच्या थरांवरून धावून परत वर यायला किती वेळ घेते ते मोजण्याकडून, दोन जणांना दोन वेगळी उत्तरं हवी होती. स्ट्रक्चरलवाल्यांना कातळ किती खोल आहे ते, आणि भूजलवाल्यांना पाणी कुठल्या थरात आहे ते. एकाच लाइनवर दोघांचं भागेल असं ठरलं आणि तसं ते भागतंही, पण इथं दोघांच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्याच थरात होतं जो रेकॉर्डवर आलाच नाही.

डेटा माझ्याकडे रिव्ह्यूला आला तेव्हा फील्डवर्क संपलेलं होतं आणि पहिला रिपोर्टही गेलेला होता. खालचे आकडे हिशोब कॅल्क्युलेटरवर करून बघता यावा म्हणून गोल केलेत, स्वभाव तोच ठेवलाय.

साइट ग्रॅनाइटची. वर माती, त्याखाली कुजलेला ग्रॅनाइट म्हणजे सॅप्रोलाइट, जो हातानं चुरला जातो पण त्यात मूळ दगडाचा पोत अजून ओळखू येतो, मग भेगाळलेला दगड आणि मग ताजा कातळ. ग्रॅनाइटच्या भागात कुठंही जा, क्रम साधारण असाच. भूजलाच्या बाजूनं यात महत्त्वाचं हे की सॅप्रोलाइट पाणी साठवतो भरपूर, पण त्यात चिकणमाती असल्यानं सोडताना जीव खातो, आणि बोअरला जे पाणी येतं ते बहुतेक त्याच्या खालच्या भेगाळ पट्ट्यातून. म्हणजे वरचा थर टाकी आणि खालचा पाइप.

हातात आधीचा एकच बोअर होता, लाइनच्या वरच्या टोकाला, ओढ्यापासून लांब. डीटीएचनं (हवेच्या दाबानं ठोकत दगड चुरणाऱ्या ड्रिलनं) मारलेला, त्यामुळे कोअर (दगडाची अखंड कांडी) नाही, फक्त चुरा आणि ड्रिलरची वही. वहीत ११ मीटरला "हार्ड" आणि पाण्याची पातळी ३ मीटर. रॉड खाली जायचा वेग ११ ला एकदम पडलेला, म्हणजे तिथं सॅप्रोलाइटवरून जवळजवळ सरळ कातळच लागला होता.

फील्डवर काय केलं

२४ जिओफोन (जमिनीचं कंपन टिपणारे सेन्सर), ५ मीटर अंतरानं, म्हणजे ११५ मीटरचा स्प्रेड (त्यांची रांग), जॅकवेलची जागा बरोबर मध्यावर येईल असा. सोर्स म्हणजे लोखंडी प्लेटवर ८ किलोचा घण. दोन्ही टोकांचे शॉट, म्हणजे घणाचे ठोके, शेवटच्या जिओफोनच्या अडीच मीटर बाहेर, मध्ये तीन शॉट, आणि दोन्ही बाजूंना ४० मीटर लांबचे ऑफसेट शॉट. हे लांबचे शॉट लोक वेळ वाचवायला गाळतात, आणि मग खाली येणारा प्लस-मायनसचा हिशोब करायला बसलं की कळतं की कातळावरून आलेली लाट सगळ्या जिओफोनवर दोन्ही दिशांनी मिळालेलीच नाही. इथं ते केलेले होते, त्याबद्दल क्रूला मार्क.

लांबच्या शॉटला घणाची ताकद पुरत नाही म्हणून १६ ठोके स्टॅक केले. स्टॅकिंगचा फायदा वर्गमुळानं वाढतो, १६ ठोक्यांना सिग्नल-नॉइज चौपट होतो, पुढं ६४ केले तर कुठं आठपट, तोवर घण मारणारा खाली बसलेला असतो. ओढ्याच्या पाण्याचा खळखळाट शेवटच्या पाच-सहा चॅनलवर दिसत होता. पॉवरलाइनचा हम होता तो फिल्टरनं गेला. एका शॉटचा ट्रिगर उशिरा पडलेला होता, सगळेच ट्रेस सारख्याच मिलिसेकंदांनी सरकलेले, तो शॉट परत घेतलेला आहे.

वरच्या कोरड्या मातीचा वेग ४०० मीटर प्रति सेकंद. इथं दोन भानगडी असतात. एक, ४०० वेगाचा तीन मीटरचा थर असेल तर डायरेक्ट लाट, म्हणजे वरच्या मातीतूनच सरळ आलेली, पहिली येते ती फक्त शॉटपासून आठेक मीटरपर्यंत, आणि ५ मीटर अंतराच्या स्प्रेडमध्ये ती जेमतेम दोन जिओफोनवर सापडते. दोन बिंदूंतून काढलेली रेष म्हणजे काय ते आपल्याला माहीतच आहे. दुसरं, हवेतून येणारा घणाचा आवाज ३४० ते ३५० वेगानं येतो, म्हणजे मातीतल्या लाटेच्या मागोमागच, आणि नवशिक्या माणूस तोच पिक करतो, म्हणजे पहिलं आगमन म्हणून त्यावर खूण करतो. म्हणून तीन ठिकाणी १ मीटर अंतराचे छोटे स्प्रेड वेगळे टाकले होते. वरच्या थराचा वेग चुकला तर खालचं सगळंच चुकतं, त्यामुळे हा तासाभराचा खटाटोप वाचवण्यात काही अर्थ नाही.

पिकिंग मी परत केलं. सुरुवातीचे पिक बरे होते, फक्त लांबच्या ट्रेसवर कुणीतरी पहिल्या हालचालीऐवजी पहिल्या शिखरावर टिचकी मारत गेलेलं, तिथं तीन-चार मिलिसेकंद उशीर लागत होता. अ टोकाच्या शॉटची ब टोकाला आणि ब च्या शॉटची अ टोकाला पोचायची वेळ सारखी यायला हवी, मार्ग एकच आहे ना. दुरुस्तीनंतर ती ५५ मिलिसेकंदांच्या आसपास आली, ०.३ च्या फरकानं. यापेक्षा चांगलं घणावर अपेक्षितच नाही.

पहिला हिशोब

टाइम-डिस्टन्सच्या आलेखावर तीन सरळ तुकडे, कुणीही पट्टीनं काढावेत इतके स्वच्छ. ४००, मग १५५०, आणि मग कातळ: वरच्या टोकाकडून मारलं तर ३९००, ओढ्याकडून मारलं तर ४५३०. हा फरक म्हणजे कातळ ओढ्याकडे उतरतोय. उताराच्या दिशेनं जाताना लाटेला प्रत्येक पुढच्या जिओफोनसाठी थोडं जास्त वर चढावं लागतं म्हणून ती हळू दिसते, उलट बाजूनं येताना जलद दिसते. खरा वेग दोघांचा हार्मोनिक मीन, साधारण ४२००. एकाच बाजूनं शॉट घेऊन ३९०० हाच कातळाचा वेग म्हणून लिहिलेले रिपोर्ट मी बघितलेत, असो.

पहिला इंटरसेप्ट, म्हणजे दुसऱ्या तुकड्याची रेष मागं वाढवली की शॉटपाशी मिळणारी वेळ, १४.५ मिलिसेकंद. ४०० भागिले १५५० म्हणजे क्रिटिकल कोनाची (ज्या कोनात येऊन लाट सीमेलगत धावते त्याची) साइन, कोन १५ अंशांचा, कोसाइन ०.९६६. यावरून वरच्या थराची जाडी ३ मीटर. बोअरमधली पाण्याची पातळीही ३ मीटर, म्हणजे ही सीमा मातीची नाही, पाण्याची.

कातळासाठी हॅगेडॉर्नची १९५९ ची प्लस-मायनस पद्धत वापरली. पामरची १९८० ची जनरलाइज्ड रेसिप्रोकल मेथड यापेक्षा पुढची आहे, पण कातळाचा पृष्ठभाग इथल्यासारखा सौम्य उताराचा असेल तर दोघींत फार फरक पडत नाही. एका जिओफोनवर दोन्ही बाजूंच्या शॉटच्या वेळा मिळवायच्या, त्यातून शॉट ते शॉट वेळ वजा करायची, जे उरतं ते त्या जिओफोनखालून कातळापर्यंत जायला-यायला लागणाऱ्या वेळेसारखं असतं. मध्यावर, म्हणजे जॅकवेलपाशी, हे २६.५ मिलिसेकंद आलं. त्यातले १४.९ वरचा कोरडा थर खातो. उरले ११.६. ओल्या थराचा एक मीटर १.२ मिलिसेकंद घेतो, म्हणजे ओला थर ९.६ मीटर, आणि कातळ १२.६ मीटरवर.

वरच्या टोकाला, जुन्या बोअरपाशी, याच हिशोबानं कातळ ११ मीटरवर आला. वहीत ११. बरोब्बर.

इथं सगळे खूश झाले, आणि का होऊ नये, बोअरशी इतकं जुळलेलं सिस्मिक रोज बघायला मिळत नाही. रिपोर्ट गेला: वर ११, जॅकवेलला १२.६, ओढ्याच्या टोकाला १४ मीटर. जॅकवेलचा तळ १२ मीटरला, म्हणजे अर्धा-पाऊण मीटर जास्त खोदलं की विहीर कातळावर बसते. १२ मीटरपर्यंत सगळं १५५० वेगाचं, त्यामुळे टेंडरच्या क्वांटिटीत पूर्ण खोदाई मातीची धरली गेली. भूजलवाल्यांनीही १५५० बघून "पाणी लागलं" असं समजून बोअरची जागा ठरवून टाकली.

त्या १५५० वर जरा थांबू. पाण्यात पी-वेव्हचा, म्हणजे इथवर मोजलेल्या दाबाच्या लाटेचा, वेग १४८० च्या आसपास असतो. मातीतली छिद्रं पूर्ण पाण्यानं भरली की माती कुठलीही असो, वाळू, गाळ, चिकणमाती, सॅप्रोलाइट, तिचा पी-वेग १५०० ते १८०० च्या पट्ट्यात येऊन बसतो, कारण दाब सहन करायचं काम पाणीच करायला लागतं. छिद्रांत टक्का-दोन टक्के जरी हवा राहिली तरी हा परिणाम जातो आणि वेग पुन्हा काहीशेवर घसरतो. म्हणून पी-वेव्ह पाण्याची पातळी फार छान दाखवते. पण त्याच कारणानं पाण्याखाली गेल्यावर ती आंधळी होते, भरभरून पाणी सोडणारी वाळू आणि एक थेंबही न सोडणारी चिकणमाती तिला सारखीच. १५५० चा अर्थ थर भरलेला आहे इतकाच. तो पाणी देईल का, हे त्या आकड्यात नाही.

न जुळणारं नऊ मीटर

पंपांच्या फाउंडेशनला कंपनाचा हिशोब लागतो, त्यासाठी शिअर मॉड्युलस (आडवं सरकवणाऱ्या बळाला जमीन किती ताठ आहे ते) हवा, म्हणून त्याच लाइनवर ४.५ हर्ट्झचे जिओफोन लावून मासव (MASW, पृष्ठभागावरच्या लाटांची चाचणी) केलेलं होतं. पार्क, मिलर आणि झिया यांनी १९९९ मध्ये मांडलेली ही पद्धत पहिल्या आगमनावर चालतच नाही. जमिनीच्या पृष्ठभागावरून लोळत जाणारी रेली लाट वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीला वेगवेगळ्या खोलीची जमीन चाचपते, फ्रीक्वेन्सीप्रमाणे तिचा वेग कसा बदलतो त्यावरून खालचा एस-वेव्हचा, म्हणजे शिअरच्या लाटेचा, वेग काढायचा. पाण्याला शिअर सहन होत नाही, त्यामुळे एस-वेव्हला पाण्याची पातळी जवळपास दिसतच नाही, तिला फक्त सांगाडा किती घट्ट आहे ते कळतं.

मासवचा निकाल मध्यावर असा: वर २२०, ३ मीटरखाली २६०, म्हणजे पाण्यामुळे काहीच विशेष बदल नाही, आणि मग साधारण ९ मीटरला उडी, ७५०. त्याच्या खाली १५ मीटरच्या आसपास वेग आणखी चढत जातो पण तिथं चित्र धूसर.

पहिल्या रिपोर्टात हे वेगळ्या प्रकरणात होतं आणि त्यातून मॉड्युलस काढून पुढं दिलेला होता. घनता गुणिले वेगाचा वर्ग: ९ मीटरच्या वर १२८ मेगापास्कल, खाली १२०० च्या पुढं. दहापट. पण रिफ्रॅक्शनप्रमाणे ९ मीटरला काहीच सीमा नाही! तिथं सीमा ३ ला आणि १२.६ ला. मग ९ ला ही उडी कसली?

"इन्व्हर्जन आहे, होतं असं," इन्व्हर्जन म्हणजे मोजलेल्या लाटेवरून थर काढायचा उलटा हिशोब, त्याकडे बोट दाखवणारं हे पहिलं उत्तर आलं. ते अगदीच टाकाऊ नाही. मासवचं उत्तर एकमेव नसतं, थरांची जाडी आणि वेग एकमेकांत देवाणघेवाण करतात, आणि सगळ्यात लांब तरंगलांबीच्या निम्म्याच्या खाली तर विश्वास ठेवूच नये. पण इथं वापरण्याजोगी तरंगलांबी ३० मीटरच्या वर होती, ९ मीटर त्यात आरामात बसतं. आणि एखाद-दोन मीटर इकडेतिकडे झालं असं म्हणलं तरी ९ चे १२.६ होत नाहीत. शिवाय २६० वरून ७५० ही बारीकसारीक उडी नाहीये.

मग उलटा हिशोब करून बघितला. समजा मध्यावर खरी जमीन अशी आहे: ३ मीटर कोरडी माती ४०० ची, त्याखाली ६ मीटर भिजलेला सॅप्रोलाइट १५५० चा, त्याखाली ६ मीटर भेगाळ ग्रॅनाइट २३०० चा, आणि १५ मीटरला कातळ ४२०० चा. अशा जमिनीवर घण मारला तर रेकॉर्ड कसं दिसेल?

कातळाचा इंटरसेप्ट २६.५ मिलिसेकंद. म्हणजे मोजलेला तोच! भेगाळ थराच्या लाटेचा इंटरसेप्ट २०.५. आता कोण कधी पहिलं येतं ते बघू. शॉटपासून २८.५ मीटरपर्यंत सॅप्रोलाइटवरून आलेली लाट पुढं असते. ३०.५ मीटरपासून पुढं कातळाची लाट पुढं. भेगाळ थराची लाट पहिली येते ती फक्त २८.५ ते ३०.५ या दोन मीटरांत. शेवटचा शॉट अडीच मीटर बाहेर होता, त्यामुळे जिओफोन शॉटपासून २७.५ आणि ३२.५ मीटरवर होते. सहा मीटर जाडीचा थर दोन जिओफोनच्या मधल्या फटीतून निघून गेला.

आणि जिओफोन १ मीटरवर लावले असते तरी? त्या दोन मीटरांत ही लाट इतरांच्या पुढं असते ती जास्तीत जास्त ०.२ मिलिसेकंद. घणाच्या रेकॉर्डवर चांगला माणूसही अर्धा मिलिसेकंद इकडेतिकडे पिक करतो. त्यामुळे "जिओफोन जवळ लावायला हवे होते" ही टीका मला पटत नाही. रिफ्रॅक्शन म्हणजे अशी शर्यत की जिच्यात फक्त पहिला आलेला नोंदवतात, दुसरा कितीही जवळून मागं असला तरी त्याचं नाव कुठंच नाही. ४० मीटरवर भेगाळ थराची लाट कातळाच्या लाटेपेक्षा दोनच मिलिसेकंद मागं असते, पण पहिल्या लाटेचा पल्सच १५-२० मिलिसेकंद लांब, त्याच्या पोटात ती बुडते. एस-वेव्ह रिफ्रॅक्शन केलं असतं तर? तोही हिशोब करून बघितला, तिथं तर थर पूर्णच लपतो, कारण कातळाचा एस-वेग इतका जास्त की कातळाची लाट आणखी लवकर पुढं निघून जाते.

याला ब्लाइंड झोन म्हणतात. लपलेल्या थराचा वेग वरच्यापेक्षा जास्तच असतो, नियमाप्रमाणे दिसायला हवा, पण जाडी पुरत नाही. दुसरा प्रकार वेगळा, तिथं खालचा थर वरच्यापेक्षा हळू असतो, मग त्यावरून क्रिटिकल लाट उठतच नाही आणि कातळ प्रत्यक्षापेक्षा खोल दाखवला जातो. ब्लाइंड झोनमध्ये उलट, कातळ वर दाखवला जातो. इथं तेच झालं, १५ चे १२.६. कारण जलद थराचा वेळ आपण हळू थराच्या भावानं मोजला.

टोमोग्राफीवाल्यांनी यावर रंगीत उत्तर दिलं होतं, रिपोर्टच्या शेवटी सेक्शनही जोडलेला, निळ्यापासून लालपर्यंत. त्यात ९ ते १५ मीटरमध्ये २३०० चा पट्टा दिसतो हे खरं. पण तो वरच्या टोकालाही दिसतो, जिथं बोअरमध्ये असा पट्टा नाही! टोमोग्राफी त्याच पहिल्या आगमनांवर चालते आणि गुळगुळीत मॉडेल शोधते, त्यामुळे १५५० आणि ४२०० च्या मध्ये कुठंतरी २३०० ची रेषा जाणारच, खाली थर असो वा नसो. तो पुरावा म्हणून धरता येत नाही. रेझिस्टिव्हिटी (जमिनीचा विजेला होणारा रोध मोजणं) करू असंही कुणी सुचवलं, पण साउंडिंगमध्ये खाली जाताना रोध वाढतच जाणारा क्रम असेल तर मधला पातळ थर तिथंही दबतो. तेच दुखणं, दुसऱ्या खोलीत.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशीच करता आली असती, आणि त्याला नवी यंत्रं लागत नाहीत. २३०० चा थर असेलच असं नाही, पण असला तर तो न दिसता जास्तीत जास्त किती जाड असू शकतो, हे याच आलेखावरून काढता येतं. इथं ते साडेपाच मीटरच्या थोडं वर येतं, आणि पिकिंगची चूक धरली तर सहा. म्हणजे जॅकवेलपाशी कातळाची खोली १२.६ नाही, १२.६ ते १५. ब्लाइंड झोनचा हा हिशोब रिफ्रॅक्शनवाल्यांना १९५० च्या दशकापासून माहीत आहे, आणि ग्रॅनाइटमध्ये मधला भेगाळ पट्टा असणं ही शंका घेण्यासारखीच गोष्ट आहे. रिपोर्टात एकच आकडा, तोही दशांशासकट, लिहिला की वाचणाऱ्याला वाटतं खोली टेपनं मोजलीय.

आणि बोअरशी जुळलं त्याचं काय? जुळलं कारण त्या ठिकाणी भेगाळ पट्टा नव्हताच. जिथं अडचण नाही तिथं पद्धत तपासली आणि पास झाली. तिथून ५०-५५ मीटर पुढं ओढ्याकडे सॅप्रोलाइटच्या खाली पट्टा जाड होत गेला, पण त्याची खबर द्यायला दुसरा बोअर नव्हता. कॅलिब्रेशन बोअर सोयीच्या जागी असतो हे समजू शकतं, पण मग त्याचा अधिकार त्याच जागेपुरता धरायचा.

कोअर काढल्यावर

मध्यावर चेक बोअर घेतला, यावेळी डायमंड कोअरचा. ९ मीटरपर्यंत सॅप्रोलाइट. ९ ते १५ भेगाळ ग्रॅनाइट, आरक्यूडी (१० सेंटिमीटरहून लांब तुकड्यांचा कोअरमधला टक्का) २० ते ४०, भेगांच्या तोंडांवर तांबूस गंज, म्हणजे पाणी फिरलेलं. कोअर बॉक्समध्ये ११ मीटरचे तुकडे हातात घेतले तर प्रत्येक तुकडा खणखणीत, हातोडीनं वाजतो, नुसता तुकडा बघून कुणीही कातळ म्हणेल, पण सलग वीत-दीड वीत तुकडा शोधून सापडत नव्हता. १५ च्या खाली लांब कांड्या, आरक्यूडी ८५ च्या वर. बोअरमध्ये जिओफोन उतरवून वर घण मारून डाउनहोल घेतलं, ९ ते १५ मध्ये पी-वेग २३०० च्या आसपासच निघाला. हे मापन सगळ्यात महत्त्वाचं होतं, कारण लपलेल्या थराचा वेग पृष्ठभागावरून मिळूच शकत नाही, आणि तो एकदा मिळाला की तेच जुने टाइम पिक परत वापरून अख्ख्या लाइनची खोली नव्यानं काढता येते.

मग पॅकर टेस्ट, म्हणजे बोअरचा एक तुकडा बंद करून त्यात दाबानं पाणी सोडून बघायचं. १० बार दाबाला दर मीटर लांबीत मिनिटाला एक लिटर पाणी शिरलं तर एक ल्युजॉन. ९ ते १५ मध्ये आकडा काही दहांच्या घरात होता, १५ च्या खाली जेमतेम एक-दोन. भूजलवाल्यांचा चेहरा खुलला आणि स्ट्रक्चरलवाल्यांचा उतरला, एकाच कागदावरून.

जॅकवेलचा तळ १२ ला म्हणजे बरोब्बर या चाळणीच्या मध्यावर. वर तीन मीटर भेगाळ दगड, खाली तीन मीटर भेगाळ दगड, बाहेर पाणी ३ मीटरवर, म्हणजे रिकाम्या विहिरीच्या तळाला खालून ९ मीटर पाण्याचा दाब, सुमारे ८८ किलोपास्कल. पहिल्या रिपोर्टाप्रमाणे कातळावर बसणारी विहीर धरून तळाची स्लॅब हलकी ठेवलेली होती. पर्याय दोन होते, १५ च्या खाली जाऊन खऱ्या कातळात रुतायचं, किंवा १२ लाच थांबून भोवती ग्राउटिंगचा (भेगांत सिमेंट भरून केलेला) पडदा घालायचा आणि स्लॅब अपलिफ्टसाठी जाड करून अँकर करायची. खोली वाढवली की पंपाचं हेडही बदलतं आणि सगळं डिझाइन परत, म्हणून दुसरा पर्याय घेतला, पडदा १६ मीटरपर्यंत.

खोदाईचं वेगळंच. ९ ते १२ हे तीन मीटर टेंडरमध्ये माती होते आणि प्रत्यक्षात दगड. २३०० हा वेग मोठ्या रिपरच्याही (डोझरमागच्या दगड उकरणाऱ्या नांगराच्याही) सीमेवरचा. डोझर बनवणाऱ्या कंपन्यांचे वेगावर आधारलेले चार्ट बघितले तरी २००० च्या पुढं "दगडाच्या जातीवर अवलंबून" असाच पट्टा सुरू होतो, आणि जॅकवेलच्या गोल खड्ड्यात डोझर उतरवणार कुठं, तिथं ब्रेकरच. कॉन्ट्रॅक्टरनं रेट मागितला आणि तो द्यावा लागला. मला यात कॉन्ट्रॅक्टरची काही चूक दिसत नाही.

ओढ्याच्या टोकाला काही बांधायचं नव्हतं म्हणून तिथं बोअर घेतला नाही, सुधारित रिपोर्टात १४ ऐवजी "१४ ते १७" असं लिहून सोडलं. ही ओळ बघून एका साहेबांनी विचारलं की नक्की किती ते सांगा ना. नक्की हवं असेल तर तिथं बोअर मारा, सिस्मिकचं उत्तर एवढंच आहे.

पाण्याच्या बोअरची जागा बदलून जॅकवेलच्या वरच्या अंगाला घेतली, म्हणजे खोदाई चालू असताना तोच डिवॉटरिंगलाही वापरता येईल, भेगाळ पट्टा सलग असल्यानं उपसा केला की खड्ड्यातलं पाणीही उतरतं. त्यात केसिंगवरून शेवटची वादावादी झाली. ड्रिलरची सवय अशी की कच्चं संपेपर्यंत साधा केसिंग पाइप खाली न्यायचा आणि हार्डमध्ये बसवायचा, आणि इथं घट्ट हार्ड १५ ला. तसं केलं असतं तर ९ ते १५ हा एकमेव पाणी देणारा पट्टा पाइपामागं बंद झाला असता आणि बोअर कोरडा म्हणून बदनाम. शेवटी ९ मीटरपर्यंत साधा पाइप, त्याखाली १५ पर्यंत स्लॉटेड पाइप आणि भोवती खडीचा पॅक, असं लिहूनच दिलं आणि पाइप उतरवताना एक माणूस तिथं उभा ठेवला.